अर्धा ओठ

माझी डावीकडची खालची अक्कलदाढ काढली त्याला आता दीड वर्ष होत आलं. दाढ गेली ती गेली, जाताना माझा अर्धा ओठ घेऊन गेली. ओठ जागेवर आहे. आरशात दिसतो, हसले की हलतोही. फक्त मला तो कळत नाही. खालच्या ओठाच्या मधोमध कुणी रेघ ओढावी तसं झालंय. रेघेच्या उजवीकडे मी आहे आणि डावीकडे दुसऱ्याच कुणाचं तरी मांस आणून शिवलंय. हनुवटीचंही तेच. चहा ओघळतो आणि मला पत्ता नसतो. भाताचं शीत चिकटून राहतं, समोरचा माणूस आधी तिकडे बघतो आणि मग डोळ्यांनी खूण करतो. "दाढेबरोबर अक्कल पण गेली का?" हा विनोद नरपडपासून डहाणू रोड स्टेशनपर्यंत प्रत्येकाने मला ऐकवलाय, आणि प्रत्येकाला वाटतं की तो त्यालाच पहिल्यांदा सुचला. सुरुवातीला मी हसायचे. आता नाही हसत.

दुसऱ्या कुणाचा अर्धा ओठ गेला असता तर तो चहा जपून प्यायला असता, आणि विषय संपला असता. माझं तसं नाही. आमच्या घरची सुकी मासळी माझ्या ओठावर विकली जायची. फुशारकी मारत नाही, आमच्याकडे ते असंच चालतं.

आमचं घर नरपडला, समुद्राकडच्या आळीत. नवरा आणि दीर बोटीवर जातात, आम्ही बायका मासळी सुकवतो. ताजा बोंबील आला की दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे बांबू आणि दोऱ्यांच्या मांडवावर, लटकवायची. मग ऊन आणि वारा त्यांचं काम करतात. बोंबील वरून पटकन सुकतो, काडीसारखा कडक दिसायला लागतो. पण आत, डोक्यामागे मानेजवळ, काट्याला धरून ओल राहते. ती डोळ्यांना दिसत नाही. बोटांनाही कळत नाही, कारण खाऱ्या पाण्याने आणि काट्यांनी आमची बोटं केव्हाच जाड झालेली असतात. ओठाला कळते. बोंबील मानेत किंचित वाकवायचा आणि खालच्या ओठाला टेकवायचा. गार लागला की परत वलांडीवर. नाही लागला की जुडीत. वाळत घातलेला कपडा आपण गालाला लावून बघतो, त्यातलाच प्रकार.

हे काम घरातली एकच बाई करते. बाकीच्या उतरवतात, निवडतात, सुतळीने जुड्या बांधतात, पण "बांधा" हा शब्द तिने म्हटल्याशिवाय सुतळीला कुणी हात लावत नाही. माझ्या आधी हा शब्द सासूबाईंचा होता.

मी आशागडची. माहेरी भातशेती, थोडा भाजीपाला आणि अंगणात कोंबड्या. लग्न आम्ही आमच्या मनाने केलं, त्यामुळे दोन्हीकडची तोंडं वाकडी होती. नरपडला आले तेव्हा वासाने मी नाकावरचा हात काढत नसे, आणि आळीतल्या बायका मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या, "भाताची पोर ती, तिला काय कळणार?" सासूबाईंनी एक दिवस मला वलांडीखाली बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि एकामागून एक दोन बोंबील माझ्या ओठाला लावले. "यातला ओला कुठला गो?" मी ठोकून दिलं. सगळ्या खो खो हसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं किती हंगाम चाललं मला आठवत नाही. हसण्याची सवय झाली आणि हळूहळू गारव्याची ओळख झाली. गारवाही एका जातीचा नसतो. सकाळच्या दवाचा वेगळा, काट्यातल्या ओलीचा वेगळा. दवाचा वरवरचा असतो, लगेच उडतो. काट्यातला चोरासारखा असतो, जरा थांबलं तरच सापडतो.

मग एकदा सासूबाई "बांधा" म्हणाल्या आणि मी मध्येच बोलले, "आई, ओले आहेत." सासूबाईंनी तोच बोंबील मधोमध मोडला, काट्याशी बोट फिरवलं, ते माझ्याकडे बघत पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "मिश्रीनं माझा ओठ खाल्ला. आता तूच सांगत जा." माझ्या लग्नात माझी ओटी भरली होती, उंबऱ्यावर माप ओलांडलं होतं, सगळं रीतसर झालं होतं. पण मी त्या घरची झाले ती त्या दिवशी, वलांडीखाली. माझी धाकटी जाऊ मच्छीमारांच्याच घरातली, लहानपणापासून मासळीत वाढलेली. तिला बाजूला ठेवून हे मला मिळालं होतं, याचा मला किती ताठा होता ते मीच जाणे.

तलासरीच्या आठवडे बाजारात आमची बसायची जागा ठरलेली आहे. पाड्यापाड्यांवरच्या बायका पावसाळ्याआधी तिथे आगोटीची खरेदी करतात. पाऊस लागला की बोटी बंद, ताजी मासळी बंद, आणि चिखलातून बाजाराला येणं त्याहून कठीण. मग घरात साठवलेला बोंबील आणि जवळा यांच्यावरच दिवस काढायचे. म्हणून त्या बायका मासळी घेताना घाई करत नाहीत. आणि माझ्याकडून घेताना एक शब्द हमखास बोलायच्या, "लावून दे." मी जुडीतला मधला एक बोंबील ओढायचा, त्यांच्यासमोर ओठाला लावायचा आणि म्हणायचं, "कोरडा." बस. मग त्या जुडी टोपलीत टाकायच्या. डहाणूच्या बाजारात बंगल्यांमधल्या बायका हे बघून नाक मुरडतात, "शी, तोंडाला कसलं लावता!" त्यांनी खुशाल पिशवीतली, छापील लेबलवाली मासळी घ्यावी. तलासरीच्या बायकांना माझा ओठ हवा होता.

आणि त्या ओठात सुई खुपसायला मी माझ्या पायाने चालत गेले.

दाढ बरेच दिवस सतावत होती. दुखायची, सुजायची, मग शहाण्यासारखी गप्प बसायची. त्या थंडीत मात्र तोंड उघडेना. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस होते, पाण्याला ओढ नव्हती, बोटी किनाऱ्याला लागल्या होत्या. नवरा म्हणाला, "आत्ता कामाची गडबड नाही, उरकून घे." उरकून घे! जसा काही मी पायातला काटा काढायला चालले होते. डहाणू रोडला स्टेशनजवळ एक दवाखाना आहे, तिथे गेलो. डॉक्टर तरुण, बोलायला गोड, निम्मं मराठी निम्मं गुजराती. फोटो काढला, बघितला, "आडवी आहे" म्हणाला. त्या आडव्या दाढेखालून ओठाची नस जाते, हे तो मला म्हणाला नाही. किंवा म्हणाला असेल, तोंडात कापूस कोंबलेला असताना. माणूस त्या खुर्चीत पडलेला असतो, डोळ्यांवर दिवा असतो, आणि डॉक्टर काहीही म्हणाला तरी मान हलवायची असते. मी हलवली.

संध्याकाळी गाल जागा झाला, जीभ जागी झाली. ओठ झोपलेलाच. सकाळीही झोपलेला. मी तो चिमटला, दातांनी चावला, रक्त आलं तेव्हा कळलं की चावला गेला. पुन्हा दवाखाना. "नस एकदम मुळाला चिटकून होती, बेन. थोडी दुखावली. थई जशे." होऊन जाईल. किती दिवसांत? "टाइम लागे. कोणाला महिना, कोणाला जास्ती." गोळ्या दिल्या. त्या मी इमानाने खाल्ल्या.

घरी नवरा म्हणाला, "दुखत तर नाही ना? मग झालं." या एका वाक्याचा मला जेवढा राग आला तेवढा दाढ काढणाऱ्याचाही आला नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. दुखणाऱ्या माणसाला घरात कुणी गरम पाणी तरी आणून देतं. न दुखणाऱ्याचं कुणाला काय?

काही महिन्यांनी डॉक्टरने माझी परीक्षा घेतली. डोळे मिटायला सांगितले, कापसाचा बोळा घेतला आणि म्हणाला, "लागलं की सांगा." मी डोळे मिटून बसले, लग्नानंतर वलांडीखाली बसले होते तशीच. उजवीकडे कापूस टेकला, मी सांगितलं. मग बराच वेळ काही झालं नाही. मी विचारलं, "लावताय ना?" डोळे उघडले तर बोळा माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला टेकवलेलाच होता. "उजवी बाजू चांगली आहे ना," तो म्हणाला, "नसीब समजा." मला त्याच्या हातावर फटका मारावासा वाटला. मी ओढणी सारखी केली आणि बाहेर आले.

चैत्रात विवळवेढ्याच्या यात्रेला माझी आई मला ओढत घेऊन गेली. महालक्ष्मीपुढे उभं करून तिने माझ्या हनुवटीला हळद लावली. लावली हे मला तिचा हात हलताना दिसला म्हणून कळलं. परतीच्या जीपमध्ये तिने विचारलं, "काही वाटतंय का?" मी म्हटलं, "वाटतंय थोडं." तिला तेवढंच ऐकायचं होतं.

तोवर वलांडीखाली माझं बरं चाललं होतं. थंडीत काम संथ असतं. बोंबील उचलायचा, आठवणीने उजवीकडे न्यायचा, थांबायचं, सांगायचं. अर्धा ओठ तर अर्धा ओठ. कुणाची तक्रार नव्हती आणि "बांधा" हा शब्द अजून माझाच होता. पण उजवीकडे नेणं हे वाटतं तितकं सोपं नाही. सुतळी आमच्या उजव्या हातात असते. बोंबील डाव्या हाताने उचलला जातो आणि डाव्याच ओठाला जातो. इतकी वर्षं तो तसाच गेलाय. हाताला डॉक्टरने काही सांगितलेलं नव्हतं.

वैशाख संपत आला आणि नेहमीसारखी पळापळ सुरू झाली. आगोटीचे शेवटचे बाजार उरले होते. आभाळ भरून यायचं आणि न पडताच जायचं, वारा दक्षिणेचा झाला होता, हवेत इतका दमटपणा की अंगातलं पोलकं पिळावं. वलांड्या भरलेल्या. पाऊस एकदा आला की सगळं गेलं. सासूबाई ओरडत होत्या, जाऊ उतरवत होती, आळीतल्या दोघी मदतीला आल्या होत्या. "ताई, बांधू?" जाऊ विचारायची. मी लावायचे. "बांधा." पुन्हा, "ताई, बांधू?" "बांधा." दिवसभर. कधी माझा हात स्वतःच्या जुन्या वाटेने जायला लागला ते मला सांगता येणार नाही. मला त्याने दगा दिला हे नक्की. आणि त्याहून मोठा दगा त्या मेलेल्या ओठाने दिला. मला वाटायचं, बधिर ओठ म्हणजे काही न सांगणारा ओठ. तसं नसतं. तो सांगतो. गारवा लागला नाही की कोरडा, हेच मी शिकले होते, आणि त्या ओठाला गारवा कधीच लागत नव्हता. प्रत्येक बोंबील त्याने कोरडा म्हणून पास केला. लोक याला माझी चूक म्हणतात. म्हणोत. मी अजून तसं म्हणत नाही.

त्या जुड्या तलासरीला गेल्या. तिथे माझ्यासमोर बायका आल्या, "लावून दे" म्हणाल्या, मी लावून दिल्या.

आषाढात आमच्याच घरचा डबा सासूबाईंनी उघडला. त्याच मालातून घरासाठी ठेवलेल्या जुड्या होत्या. झाकण काढल्याबरोबर वास आला. सगळ्या बोंबलांच्या मानेवर पांढरट हिरवी बुरशी, दाढी फुटल्यासारखी. सासूबाईंनी एक हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं आता शिव्या घालतील. शिव्या घातल्या असत्या तर मीही तोंड सोडलं असतं, दवाखान्यापासून सगळं बाहेर काढलं असतं. त्यांनी डबा उचलला, पावसात बाहेर नेला आणि ओतून आल्या. बाहेर धो धो पाऊस. माझ्या डोळ्यांपुढे तलासरीकडचे पाडे येत होते. तिथेही कुणीतरी डबा उघडला असणार. त्यांच्याकडे ओतून दिल्यावर दुसरं काय होतं?

पाऊस गेला, बोटी सुटल्या, पहिली वलांडी भरली आणि सुकली. उतरवायच्या दिवशी मी नेहमीच्या जागी जाऊन बसले. सासूबाईंनी एक बोंबील काढला, माझ्या समोरून चालत गेल्या आणि जावेच्या हातात दिला. "बघ गो." जावेने आधी माझ्याकडे बघितलं. मी सुतळीचा गुंता सोडवत होते, नसलेला. तिने तो ओठाला लावला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बांधा." मी बांधलं. दुपारी ती माझ्याजवळ आली. "ताई, मी मागितलं नव्हतं." मी म्हटलं, "माहीत आहे मला." आणि नंतर कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिचा काही दोष नव्हता, म्हणूनच जास्त राग येत होता.

रात्री नवऱ्याने मधला मार्ग काढला. त्याच्या बापानेही असेच मधले मार्ग काढले असतील. म्हणाला, "घरात ती बघू दे. बाजारात मात्र तूच बस. लोक तुझ्या ओठाला ओळखतात." म्हणजे मासळी जावेने पास करायची आणि मी तलासरीला जाऊन ओठाला लावायचं नाटक करायचं. देवळाबाहेर रंगवलेला हत्ती उभा करतात तशी. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं असतं तर उरलंच काय होतं माझ्याकडे? मी गेले.

बाजारात मला पहिल्यांदा भेटली ती उधव्याकडच्या पाड्यावरची म्हातारी. माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, वर्षानुवर्षं दुसरीकडे कुठे न बघता सरळ माझ्यापुढे येऊन बसणारी. ती भांडली नाही. टोपली खाली ठेवून म्हणाली, "बुरशी धरली व्हती, बाय. पावसात आमी मिठासंगती भात खाल्ला." मी तिला एक जुडी तशीच देऊ केली. "राहू दे," ती म्हणाली, "आगोटीला येईन." थोडा जवळा घेतला आणि गेली.

त्या हिवाळ्यात मी माझ्या हाताला शिकवलं. सुतळी डाव्या हातात घेतली, बोंबील उजव्या. बोटं अडखळायची, गाठी सैल बसायच्या, बायका गालात हसायच्या. पुन्हा भाताची पोर झाले मी, या वयात. पण माझा हट्ट होता. जावेने पास केलेली प्रत्येक वलांडी मी मागे राहून, कुणी नसताना, उजव्या ओठाला लावून बघायची. तिचं चुकत नव्हतं. माझंही चुकत नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. मनात एकच धरून ठेवलं होतं. आगोटीला म्हातारी येईल, "लावून दे" म्हणेल, आणि मी लावून देईन. खरं लावून देईन, नाटक नव्हे. बाकीच्यांचं नंतर बघू.

ती आली, या आगोटीला. बाजार फुलला होता. एका बाजूला ताडपत्र्या आणि छत्र्या, दुसऱ्या बाजूला बियाण्यांच्या पिशव्या, मधे आम्ही मासळीवाल्या. तिच्यामागे तिच्याच पाड्यावरच्या चार बायका होत्या. ती बसली, टोपली मांडीजवळ ओढली. मी वाट बघितली. तिने "लावून दे" म्हटलं नाही. म्हटलं, विसरली असेल. मी आपणहून जुडी सोडली, मधोमधचा एक बोंबील ओढला, मानेत वाकवला आणि उजव्या ओठाला लावला. डोळे मिटले. थांबले, अगदी चोर गारवाही सापडेल एवढी थांबले. कुठेही ओल नव्हती. इतका कोरडा बोंबील मी आयुष्यात थोड्याच वेळा लावला असेल.

"कोरडा आहे, आजी," मी म्हटलं.

तिने हात पुढे केला. मी जुडी तिच्याकडे सरकवली. तिने जुडी घेतली नाही. माझ्या हातातला तो बोंबील घेतला, मान वाकवली आणि स्वतःच्या ओठाला लावला. इतक्या वर्षांत तिने असं एकदाही केलं नव्हतं. तिचा ओठ सुरकुतलेला, कडांना भेगा पडलेला. तिला त्याने काय कळलं असेल कुणास ठाऊक. पण बराच वेळ तिने तो तसाच धरला, माझ्याकडे न बघता.

"हां," ती म्हणाली. "कोरडा हाय." तिच्या आवाजात राग नव्हता. उलट माया होती, आजाऱ्याशी बोलताना असते तशी. तिने नेहमीइतक्याच जुड्या घेतल्या आणि टोपलीत रचल्या.

मागची बाई पुढे सरकून बसली आणि तिनेही हात लांब केला. "मला बी दे गो," म्हणाली, "मी लावून बघते."

मी दुसरी जुडी सोडली आणि तिच्या हातात एक बोंबील दिला.